होईल सवय!

एस. वाय. बी. ए.

लेन्स लावून पाहिलेल्या कोणत्याही मुलीला विचारा, पहिल्या महिन्यात तिने सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते? ‘होईल सवय!’ हेच ते वाक्य. दुकानदार म्हणतो, मैत्रीण म्हणते, वर्गातला चष्मासुद्धा न लागलेला मुलगाही अनुभवी माणसाच्या थाटात म्हणतो. मी ते इतक्यांदा ऐकले, की पुढे पुढे आरशात लाल डोळे पाहून मीच मला म्हणू लागले. आज मला या वाक्याशी भांडायचे आहे. लेन्सशी माझे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ‘तुला जमले नाही म्हणून तू नावे ठेवतेस’ असे म्हणायला आमच्या वर्गात माणसे कमी नाहीत.

माझा नंबर उणे पाच. ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : चष्म्याशिवाय मला जेमतेम वीतभर अंतरावरचे स्पष्ट दिसते. त्यापलीकडचे सारे जग म्हणजे ओल्या फडक्याने पुसलेला फळा. २०२४ च्या युवक महोत्सवात आम्ही कोळीनृत्य बसवले होते. समुद्र कधीच न पाहिलेल्या सोलापूरच्या बारा मुली डोक्यावर माशांच्या टोपल्या घेऊन नाचल्या, हा विनोद अजून अधूनमधून होतो. नृत्य बसवणाऱ्या ताईंनी सांगितले, ‘चष्मा काढ, कोळीण चष्म्यात शोभत नाही.’ कोळणींना चष्मा लागत नाही हे त्यांना कोणी सांगितले ते मला ठाऊक नाही. पण चष्मा काढला. आठ पावले पुढे, डावीकडे वळण, चार पावले मागे, असे मोजत मोजत अंदाजाने नाचले. तिसऱ्या कडव्याला मोजणी चुकली आणि माझी टोपली पुढच्या मुलीच्या कानशिलावर बसली. बक्षीस त्यामुळे गेले असे तोंडावर कोणी म्हणाले नाही. मागे काय म्हणाले ते ऐकू येत होते. कान माझे ठीक आहेत.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये लेन्स घेतल्या. महिन्याने टाकून द्यायच्या मऊ लेन्स, त्या धुण्याचे औषध, डबी असे सगळे मिळून १८०० रुपये झाले. माझी आई विड्या वळते. १८०० रुपयांना किती हजार विड्या होतात हा हिशेब तिने मनात नक्की केला असणार. तिने तो मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. पुढे जे झाले त्यात या न विचारलेल्या हिशेबाचा मोठा हात आहे.

दुकानातून बाहेर पडले तेव्हा रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाची पाने सुटी सुटी दिसली. चष्म्यातूनही ती दिसत, नाही असे नाही. पण चौकटीच्या आतली तेवढीच. आता डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसत होते, नाकावर ओझे नव्हते, आणि घाम आला तरी काही घसरत नव्हते. नाचाच्या सरावात समोरच्या मुलीचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. ती नाचताना जीभ किंचित बाहेर काढते, हे वर्षभर शेजारी बसूनही मला माहीत नव्हते. हा आनंद खरा होता. तो मी आजही नाकारत नाही, आणि ‘चष्मा काय वाईट आहे’ असा उपदेश करणाऱ्यांनी उणे पाच नंबरात एकदा तरी गिरकी घेऊन पाहावी असे मला वाटते.

पण त्रास सुरू झाला. सकाळी साडेसातला लेन्स लावली की पहिले दोन-तीन तास बरे जात. अकरानंतर वर्गात पंखा बरोबर डोक्यावर असला की डोळे चुरचुरू लागत. दुपारी ग्रंथालयात मोबाईलवर आलेली टिपणे उतरवताना अक्षरे धुरकट होत. दोनदा डोळे मिचकावले की पुन्हा स्पष्ट. परतीच्या रिक्षात वारा लागला की डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे वाटे आणि धारा लागत. एकदा शेजारच्या काकूंनी विचारले, ‘पेपर अवघड गेला का गं?’

दुकानात जाऊन सांगितले. दुकानदार म्हणाले, ‘डोळ्यांत भरपूर पाणी आहे तुमच्या, काळजी नको. पंधरा दिवस लागतात. होईल सवय.’ पंधरा दिवसांचा महिना झाला आणि महिन्याचे दोन झाले.

घरी संध्याकाळी आईबरोबर विड्यांना बसावे लागते. पाने कापायची, दोरा गुंडाळायचा, तंबाखू पुढे सरकवायची. सुपातली तंबाखू हलली की तिची भुकटी उडते. शिवाय साबणाने तीनतीनदा हात धुतले तरी बोटांच्या पेरांत तंबाखू राहतेच. विड्या वळणाऱ्या कोणत्याही घरात विचारा. तसल्या बोटांनी लेन्स काढायला गेले की डोळ्यांत मिरची घातल्यासारखी आग होई. वर दिवसभर वाळलेली लेन्स बुबुळाला चिकटून बसलेली. एके दिवशी अर्धा तास न्हाणीत उभी होते. आईने बाहेरून हाक मारली तर ‘तोंड धुतेय’ म्हणून सांगितले. १८०० रुपये खर्चून आणलेली वस्तू आपल्याला सोसत नाही हे सांगायचे कसे? मला वाटे, बाकीच्या मुलींना होते तशी सवय मलाच होत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे.

शेवटी मार्चमध्ये आईला कळलेच. ती रागावली नाही. विडीचे तोंड नखाने मुडपता मुडपता म्हणाली, ‘व्हतंय की सवय. आमाला न्हाई झाली का तंबाखूची? पयली दोन वर्सं मीबी रडत व्हते.’

या वाक्यावर मी त्या रात्री बराच विचार केला. आईला सवय झाली म्हणजे नेमके काय झाले? तंबाखू सौम्य झाली का? तिचे डोळे तर रोज संध्याकाळी लाल असतात. फक्त ती आता त्याबद्दल बोलत नाही. आम्हीही विचारत नाही, कारण ते आता ‘आईचे डोळे’ झाले आहेत. जसा कुणाचा आवाज घोगरा असतो तसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी लेन्स काढायला लावून आधी प्रश्न विचारले. त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी? लेन्स किती तास असते? सर्दीची गोळी घेतेस का? घेत होते, धुळीने शिंका येतात म्हणून गेले तीन महिने रोज रात्री एक. ती गोळी नाकाबरोबर डोळेही कोरडे करते हे मला तेव्हा कळले. मग डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिले : पापणी न हलवता अश्रूंचा थर किती वेळ अखंड टिकतो ते मोजायचे. साधारण दहा सेकंद तरी टिकावा. माझा चार सेकंदांत फाटत होता. नंतर खालच्या पापणीत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवून पाच मिनिटे डोळे मिटून बसवले. चांगल्या डोळ्यात ती दहा मिलिमीटरच्या पुढे भिजते. माझी उजवीकडे आठ, डावीकडे सात.

‘मग इतके पाणी येते ते कुठून?’ मी विचारले. त्यांनी समजावले, ते मला इथे सांगितलेच पाहिजे, कारण अर्धा घोटाळा या पाण्यानेच केला होता. डोळ्यावर कायम असणारा अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. बुबुळाला धरून राहणारा बुळबुळीत अंश, त्यावर पाणी आणि सर्वांत वर पापणीच्या कडेतल्या ग्रंथींतून येणारे तेल. हे तेल कमी पडले किंवा पापणी पुरती मिटली नाही, की पाणी भराभर उडून जाते. मग डोळा खुपतो, आणि खुपले की मेंदू घाबरून बादलीभर पाणी सोडतो. ते पाणी गालावरून वाहून जाते. डोळ्यावर टिकत नाही. भेगाळलेल्या रानावर वळवाचा पाऊस पडावा तसे. म्हणजे पाणी येणारा डोळाच कोरडा असू शकतो. दुकानदारांनी माझे अश्रू पाहिले आणि निदान उलटे केले.

मऊ लेन्स याच थराच्या मधोमध जाऊन बसते. थोडे अश्रू तिच्या खाली, थोडे वर. आधीच पातळ असलेला थर असा दुभंगला की आणखी लवकर सुकतो. शिवाय लेन्स स्वतःही पाणी धरून असते. ती वाळू लागली की आकसते आणि चिकटते. आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. डोळ्याचे श्वास घेणे अश्रूंवरच अवलंबून आहे म्हणा ना.

आता माझ्या भांडणाचा मुद्दा. ‘सवय’ या एका शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. नवी लेन्स टोचते ती तिच्या कडेमुळे. पापणीची आतली कड फार हळवी असते. प्रत्येक उघडझापीला तिला काहीतरी परके लागते. ही टोचणी काही दिवसांत खरोखरच विरते. इथे ‘होईल सवय’ हे वाक्य बरोबर आहे. पण कोरडेपणाला सवय नसते. तहानेची सवय होते का? नवखेपणाचा त्रास लेन्स घातल्या घातल्या जास्त असतो आणि दिवसागणिक कमी होतो. कोरडेपणाचा त्रास सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि दिवसागणिक तस्साच. एवढा साधा फरक मला जानेवारीत कोणी सांगितला असता तर माझे दोन महिने वाचले असते. आणि दुसरी गोष्ट याहून गंभीर. डोळा फार काळ कोरडा राहिला तर त्याची जाणीवच बोथट होऊ शकते. म्हणजे त्रास कमी झाला याचा अर्थ डोळा सुधारला असाच होतो असे नाही. कधी कधी तो तक्रार करायचा थांबलेला असतो.

सहज म्हणून लेन्सचा इतिहास वाचला. झुरिकला काम करणाऱ्या आडोल्फ फिक या जर्मन नेत्रवैद्याने १८८८ साली काचेच्या लेन्सविषयी निबंध प्रसिद्ध केला. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर त्याने त्या चढवून पाहिल्या. त्या जाड काचा दोनेक तासांपलीकडे सोसत नसत. मऊ लेन्सचे श्रेय ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. १९६१ च्या नाताळात त्याने मुलांच्या जोडखेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरच्या घरी लेन्स ओतण्याचे यंत्र बनवले. अमेरिकेत अशा लेन्सच्या विक्रीला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. हे वाचून मला धीर आला तो वेगळ्याच कारणाने. काच असह्य झाल्यावर सुधारायची ती काच, असे या लोकांनी ठरवले. डोळ्याला सवय होईल म्हणून ते थांबले असते, तर आपण आजही काचाच घालत असतो.

माझी मागणी फार मोठी नाही. ती पट्टी म्हणजे निव्वळ कागद आहे आणि तपासणीला पाच मिनिटे लागतात. नंबर तपासल्याशिवाय चष्मा देत नाहीत. मग अश्रू तपासल्याशिवाय लेन्स का द्यावी? तेही जमत नसेल तर निदान चार प्रश्न तरी विचारा : दिवसभर पंख्याखाली बसता का, कोणती गोळी घेता, धुळीत किंवा धुरात काम करता का, मोबाईल किती वेळ पाहता. आणि आपणही काही कमी नाही. मागच्या स्नेहसंमेलनात निळ्या लेन्सची एकच जोडी तीन मुलींनी आळीपाळीने घातली, मध्ये नळाच्या पाण्याने विसळून! नळाच्या पाण्यात डोळा घालवू शकणारे सूक्ष्म जीव असू शकतात, त्यामुळे लेन्सला पाणी लावायचेच नाही, हे त्यांना कोणी सांगितले नसेल. मलाही नव्हते सांगितले. मी डबी नळाखाली धूत होते.

डॉक्टरबाईंनी माझ्या लेन्स फेकून दिल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सहा आठवडे पूर्ण बंद ठेवायला सांगितल्या. सर्दीची गोळी बदलली. रोज रात्री कोमट पाण्यात पिळलेले फडके मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे, म्हणजे पापणीतले थिजलेले तेल सुटते. वाचताना पापणी पुरती मिटायची. हे वाटते तितके सोपे नाही. मोबाईल पाहताना आपण पापण्या अर्ध्यावरच आणून परत नेतो. एकदा मैत्रिणीला निरखून पाहा. थेंब घालायचे ते टिकाऊपणाचे रसायन नसलेले, कारण मऊ लेन्स ते रसायन शोषून धरते आणि डोळ्याला देत बसते. आणि लेन्स रोजच्या रोज टाकून द्यायची घ्यायची, फक्त नाचाच्या दिवशी, चार तास.

चार तास ऐकून मी हिरमुसले होते. ‘बाकीच्या मुली बारा तास घालतात,’ मी म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘त्यांचे डोळे त्यांच्याकडे. तुझे चार तासांचे आहेत.’ वर्गात आता मी चष्म्यातच असते. २०२५ च्या महोत्सवात पडदा उघडण्याआधी अर्धा तास लेन्स घातली, नाच संपताच विंगेमागे बसून काढली. टोपली कुणाला लागली नाही. पहिल्या रांगेतले परीक्षक जांभई देत होते तेसुद्धा मला स्वच्छ दिसले. बक्षीस यंदाही मिळाले नाही, पण निदान यंदा ते माझ्यामुळे गेले नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मार्चमध्ये माझी तपासणी होईपर्यंत आई बाकावर बसून होती. डॉक्टरबाईंचे लक्ष तिच्याकडे गेले. ‘तुम्ही काय काम करता?’ आईने सांगितले. ‘डोळ्यांचा काही त्रास?’ ‘न्हाई बाई, मला काय बी न्हाई. सवय हाय.’ बाईंनी काही न बोलता तिच्याही डोळ्यांत पट्ट्या अडकवल्या. पाच मिनिटांनी मोजल्या. उजवी चार मिलिमीटर, डावी तीन. मी त्या दोन पट्ट्या माझ्या पट्ट्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्या. आईने विचारले, ‘पास झाले का?’

तंबाखू सुटायची नाही. ते आमच्या हातात नाही. सूप आता दारात असते, खोलीत नाही. दर पन्नास विड्यांनी मान वर करून डोळे मिटायचे, हे तिने मान्य केले आहे. प्रत्यक्षात शंभरांनी मिटते. थेंब दोघींना एकाच प्रकारचे आहेत, छोट्या छोट्या कुप्यांतले. पहिल्या दिवशी घातल्यावर बराच वेळ ती डोळे मिटून बसली आणि म्हणाली, ‘गार वाटतंय गं.’ मग लगेच विचारले, ‘एका थेंबाला कितीला पडतंय?’ मी हिशेब करून सांगितला. तेव्हापासून ती न चुकता घालते, एकही थेंब गालावर सांडू देत नाही. फक्त फोडलेली कुपी त्याच दिवशी टाकून द्यायची, हे मात्र तिला अजून पटलेले नाही. त्यावरून आमचे रोज संध्याकाळी वाजते.